पाणी पिऊन परत यायची शर्यत

आई, परवा ईस्टर झाला आणि मी आपल्या घरापुढच्या खळ्यात पुन्हा पोरांचे खेळ मांडले. तू असतीस तर आधी कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, "बाय माझे, ही नसती उठाठेव तुला सांगितली कुणी?" कुणीच नाही सांगितली. तू गेल्यावर मी मुंबईला दवाखान्यात कामाला लागले, तिथं बरीच वर्षं काढली, आणि गेल्या वर्षी बोटीनं परत आले. कुलूप काढलं, कौलं परतून घेतली आणि मिशनच्या शाळेत बिगरीच्या पोरांवर मास्तरीण झाले. तेव्हापासून आपल्या वाटेवरचं बांबूचं बेडं उघडून एक माणूस आत आलेलं नव्हतं. म्हणजे आळीतले लोक बोलत नाहीत असं नव्हे हो. दगडी गडग्यापलीकडून सगळे बोलतात. "काय बाई, आज सुट्टी वाटतं?" "फणस यंदा बरा धरलाय तुमचा." मीही बोलते. मग ते आपल्या वाटेनं जातात आणि मी चुलीपुढं येऊन बसते. एका माणसाच्या भाताला वेळ तो कितीसा लागणार? संध्याकाळ मेली सरता सरत नाही. फार एकटं वाटतं गं. मला वाटलं, वर्षातून एक दिवस तरी या खळ्यात कुणाचे तरी पाय वाजू देत. आणि भीती एवढीच होती की मी सगळं मांडून बसेन आणि कुणी येणारच नाही.

तुला तो पहिला ईस्टर आठवतो का? विसाचं साल नुकतंच सरलेलं, मी सहा-सात वर्षांची. मिशनच्या गोऱ्या मडमेनं टोपलीभर अंडी पाठवली होती आणि सांगून धाडलं होतं, रंगवा, लपवा, मुलांना शोधू द्या, आमच्याकडे असंच करतात. तू कांद्याच्या साली घालून ती मोठ्या टोपात उकडलीस. छान तांबूस झाली, चिऱ्याच्या रंगाची. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू पाटावर बसली आहेस, धुरानं चुरचुरणारे डोळे पुसते आहेस, आणि एकेक अंडं पदरानं कोरडं करून माझ्या ओंजळीत ठेवते आहेस. "सांभाळ हां. फोडलंस तर तुलाच उकडीन." पण खेळायला मिशनची पोरं किती, तर तीन आणि चौथी मी. खेळ काही रंगेना. आळीतली पोरं गडग्यावरून माना उंच करून बघत होती. तुला राहवलं नाही. "या रे, नुसते बघताय काय मेल्यांनो!" म्हणालीस, आणि त्यांनी माकडांसारख्या उड्या टाकल्या. समोरच्या घरातल्या पोराला पेंढ्याच्या उडवीत अंडं सापडलं तेव्हा तो असा नाचला, की तूसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होतीस.

दिवेलागणीला त्याची आजी आली. बेड्याबाहेरच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. "काय गो, आमचा पोर बाटवलंस?" तू हातातलं काम टाकून धावलीस. "अहो, अंडंच तर दिलं. तुमच्यात खातात की!" म्हातारी म्हणाली, "अंड्याचं काय नाय गो. आम्ही पण खातो. पण तुझ्या टोपात, तुझ्या पाण्यात उकडलंस ना?" त्या रात्री आपण त्या पोराचं रडणं ऐकलं. विहिरीवर नेऊन त्याच्या डोक्यावर घागरी ओतल्या, तुळशीचं पान चावायला लावलं. मी तुला विचारलं, "आई, आपलं पाणी घाण आहे का?" संगमेश्वराकडच्या तुझ्या माणसांनी तू मिशनात गेलीस म्हणून तुझं नाव टाकलं होतं, तुझ्या हातचं पाणी तुझा सख्खा भाऊ पीत नव्हता, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? तू चुलीतली लाकडं मागं ओढलीस आणि मला जेवायला वाढलंस.

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, जळो ते खेळ आणि जळो ती आळी. पण तू हट्टी. म्हातारीनं भांडताना तुला नियम सांगून टाकला होता आणि तू तो पदराच्या गाठीला बांधून ठेवलास. पुढच्या ईस्टरच्या आधी तू माजघरात पाय पसरून बसलीस आणि सारखी पुटपुटत होतीस, "कशाला पाणी लागलं, कशाला नाय लागलं?" ज्याला आपलं पाणी लागलं नाही ते बाटत नाही. मग अंडी गेली आणि काजूच्या बिया आल्या. त्या काय, डोंगरावरच्या सड्यावर झाडाखाली पडलेल्याच असतात, वेचायला मोल पडत नाही. पेंढ्यात लपवल्या, गडग्याच्या भोकांत लपवल्या, आधी काठी घालून विंचू नाही ना ते बघितलंस. ज्याला सापडतील त्यानं घरी न्यायच्या आणि आपल्या आईकडून आपल्याच चुलीवर भाजून घ्यायच्या. रिंगणात बिया मांडून एका मोठ्या जड बीनं त्या उडवायच्या, हा दुसरा खेळ. करवंट्यांना भोक पाडून सुंभ ओवायचं आणि त्यावर उभं राहून टॉक टॉक चालत जायचं. माडाच्या पडलेल्या झावळीवर एकानं बसायचं आणि दोघांनी ओढायचं. उतारावरून कैऱ्या सोडायच्या, ज्याची लांब जाईल त्यानं सगळ्या खायच्या, मीठ मात्र ज्याचं त्यानं घरून आणायचं! मडम बघायला आली आणि नाक फुगवून म्हणाली, "ईस्टर, आणि अंडं नाही?" तू हात जोडलेस. "मडम, येशू पुरला नि उठला; बी पण मातीत गेल्याबिगर झाड उठत नाय. ह्यो पण ईस्टरच." ती गेल्यावर मला हळूच म्हणालीस, "तिला पटलं की नाय देव जाणे. आपली अंडी वाचली."

तरी एक घोडं अडलंच. दिवस उन्हाळ्याचे, पोरं धावून धावून लाल झालेली, आणि पडवीत आपला माठ गार पाण्यानं भरलेला. एक पोरगी माठाकडे बघत ओठ चाटायला लागली. तू चटकन टाळी वाजवलीस. "ऐका रे! आता सगळ्यांनी आपापल्या घरी धावायचं, पोटभर पाणी प्यायचं आणि परत यायचं. जो पहिला येऊन मला ओली हनुवटी दाखवील तो जिंकला!" आणि पोरं सुटली की गं, बेडं आपटून, धूळ उडवत. तुझ्या डोक्यातून हे कसं निघालं कुणास ठाऊक. एका लबाडानं अर्ध्या वाटेतूनच थुंकी लावून आणली, तर तू अंगठ्यानं तपासून त्याचा कान धरलास. "मेल्या, पाणी नि थुंकी मला कळत नाय होय?" आणि परत पिटाळलास.

पण पोरं घरी गेली की परत येतीलच असं थोडंच होतं? कुणाला आई धाकटं भावंड सांभाळायला बसवायची. कुणाचा आजोबा ओसरीवरून गुरकावायचा, "कुठं चाललास? मिशनात?" तू बेड्यावर हात ठेवून, डोळ्यांवर आडवा हात धरून उभी राहायचीस. मला तेव्हा वाटायचं, आई शर्यत बघते आहे. एकेक हनुवटी हातात धरून तू "ओली! शाब्बास रे वाघा," म्हणायचीस तेव्हा तुझा आवाज जरा जास्तच मोठा व्हायचा. जी पोरं आली नाहीत त्यांच्या बिया तू वेगळ्या बांधून गडग्यावर ठेवायचीस. आलेली पोरं आपल्याच हातानं घरी पाठवायची आणि मग ती परत यावीत म्हणून उभं राहायचं, याला केवढं काळीज लागतं ते मला परवा कळलं.

आता आपल्याकडे सहभोजनं होतात, व्याख्यानं झडतात, पेपरात छापून येतं. ऐकायला बरं वाटतं. आपल्या आळीतला पाण्याचा तांब्या मात्र होता तिथंच आहे. म्हणून मीही तुझाच नियम धरला. शनिवारी चार घरी गेले, प्रत्येक ठिकाणी अंगणाच्या बाहेर उभी राहिले. त्याच समोरच्या घरात आता लांज्याची सून आहे. तिला म्हटलं, "उद्या चार वाजता मुलांना पाठवाल का? खेळ आहेत." तिनं सूप बाजूला ठेवलं. "कसले खेळ, बाई?"

"काजूच्या बियांचे. करवंट्यांचे. माझ्या घरातलं शिजलेलं काही नाही."

"आणि पाणी?"

"पाणी तुमच्याकडचं. मुलं मधे येऊन पिऊन जातील."

ती थोडी ओशाळली. "सासूबाईंना विचारते हां," म्हणाली. मी हो म्हटलं आणि घरी आले. रात्री करवंट्यांना भोकं पाडताना दोन फोडल्या. तुझा हात वेगळाच होता.

रविवारी उपासना आटोपली. जेवले नाही. चार वाजले तरी चिटपाखरू नाही. कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात ना? इथं कावळाच आला, करवंटीवर बसला, मला नीट बघितलं आणि उडून गेला. म्हटलं, झाला आपला ईस्टर! मी बिया गोळा करायला वाकले, तर बेडं कुरकुरलं. समोरचे दोघे भाऊ होते, थोरल्याच्या कडेवर शेंबडी धाकटी बहीण. "बाई, बिया सापडल्या तर खऱ्याच न्यायच्या?" "खऱ्याच." तो मागं वळून ओरडला, "या रे, खऱ्याच देतायत!" आणि गडग्यावरून आणखी पाच-सहा जण उतरले. तिथून मग काय विचारतेस! पेंढा सगळा खळ्यात पसरला. करवंट्यांवरून एक जण तोंडघशी पडला, ढोपर सोलवटलं, आणि रडायच्या आधी त्यानं आपल्या मुठीतल्या बिया मोजल्या. झावळीवर त्या शेंबडीला बसवून ओढलं तर ती असं किंचाळत हसली, की मला हुंदकाच आला. आई, काय आवाज होता गं तो! मी विसरलेच होते की या घराला इतका आवाज पेलतो.

मग थोरला म्हणाला, "बाई, तान लागली." माठ भरलेलाच होता. माझा हात पुढं झाला होता, खोटं कशाला सांगू. पण मला ते विहिरीवरचं रडणं आठवलं आणि मी टाळी वाजवून तुझी शर्यत पुकारली. क्षणात खळं रिकामं. आळीतून कुणाच्या तरी आईचा आवाज आला, "पुरे झालं आता, हातपाय धू." तो नक्की कुठल्या घरातला ते कळेना. मला वाटलं, संपलं. अर्धा खेळ तरी झाला, तेवढ्यावरच समाधान मानायचं.

आली, आई. सगळी नाही, पण निम्मी आली. तो थोरला धापा टाकत आला, त्याची मी हनुवटी धरून बघितली. आणि सगळ्यांच्या शेवटी ती शेंबडी आली, आईच्या कडेवर. लांज्याची सून बेड्याबाहेर उभी राहून म्हणाली, "परत जायचं म्हणून नुसतं आकांत केलान." मी पोरीची हनुवटी बघितली. हनुवटी ओली, नाक ओलं, सगळंच ओलं. "जिंकली!" म्हटलं. "तुम्ही या की आत," असंही म्हटलं. ती म्हणाली, "नको बाई, चुलीवर भात हाय." आणि तरी बियांचं रिंगण संपेपर्यंत बेड्याला धरून उभी होती, कुणाचा नेम चुकला की तिथूनच चुकचुकत होती. भात करपला असणार तिचा. जी पोरं आली नाहीत त्यांच्या बिया मी बांधून गडग्यावर ठेवल्या, काल सकाळी बघितलं तर पुरचुंड्या गेलेल्या होत्या.

आज पुन्हा शाळा, पुन्हा चूल. पेंढ्याच्या काड्या अजून पडवीत सापडतात, त्या मी केराच्या सुपात न घालता तशाच ठेवते. हा कागद पेटीत टाकला तर टपालमास्तर मला वेड्यात काढील, तेव्हा तो इथंच राहायचा. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. पोरं पाणी प्यायला गेली आणि वाट रिकामी झाली, तेव्हा तुझ्यासारखं बेड्याशी उभं राहणं मला जमलं नाही. त्या शर्यतीत मी कधी धावलेच नव्हते. माझं घर इथंच, मी कुठं धावणार? परवा मी पदर खोचला आणि सुटले. पडवी, माजघर, स्वयंपाकघर. तांब्याभर पाणी घटाघटा प्याले, निम्मं अंगावर सांडलं, आणि तशीच धावत बेड्याशी आले. सगळ्यांच्या आधी आले, आई. हनुवटी अगदी ओली होती. थोडा वेळ मी ती तशीच वर करून उभी राहिले, आणि मग पदरानं पुसून टाकली.