दोन गाड्या आणि मधली जागा

प्रिय लेनोराताईस,

हार्लनचा डाव्या हाताने नमस्कार. (उजवा प्लास्टरमध्ये आहे. म्हणून मी सांगतोय आणि शेजारच्या आयडेला टॉर्कल्सनबाई लिहून घेताहेत.) ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे काय म्हणताहेत? इथे मिनेसोटात मे उजाडला तरी तळ्याच्या कडेला बर्फ आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

आता मुद्दा. बाबांच्या दोन गाड्यांतली एक तुझी, एक माझी. एकाने केक कापायचा आणि दुसऱ्याने तुकडा आधी उचलायचा, हा आपल्या घरचा कायदा. तेव्हा तुलना मी करायची, निवड तू. मी निःपक्षपाती आहे हे तू जाणतेसच. (इथे बाई हसल्या. का, कोण जाणे.)

सत्तावन्नची शेवरले आधी बाहेर काढली. मागचे ते पत्र्याचे पंख बघून मी बराच वेळ विचार करत होतो, की लोकांना तेव्हा नेमकं उडून जायचं होतं तरी कुठे? पंपावर गेलो तर पेट्रोलचं झाकण सापडेना. रोज कॉफीला जमणारी आपली मंडळी, जी हवेबद्दलसुद्धा जपून बोलतात, ती गाडीखाली आडवी होऊन दुपारभर वाद घालत होती. शेवटी डाव्या पंखाच्या टोकाची चकचकीत पट्टी उघडली आणि आत झाकण! पेट्रोलच ना ते, त्यात लपवायचं काय? सीट मात्र ऐसपैस. मी आणि बाई दोन टोकांना बसलो तर मध्ये वासरू मावेल.

एकोणतीसच्या फोर्डची टाकी काचेच्या पुढ्यात, आपल्या गुडघ्यांच्या वर. पेट्रोल मांडीवर घेऊन बसायचं कुणाला सुचलं असेल, मला खरंच कळत नाही. बॅटरी उतरली होती, म्हणून पुढून हँडल मारलं. त्याआधी स्टिअरिंगजवळची, ठिणगी उशिरा पाडणारी दांडी वर सरकवायची, नाहीतर हँडल उलटं फिरतं, असं बाबा जन्मभर सांगत होते. मला ते मनगट मोडल्यावर आठवलं. हीटर नाही, आणि सीट इतकी अरुंद की वळणावर शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागतोच, इलाज नाही.

तेव्हा ताई, शेवरले तू ने. फोर्डचा त्रास मी सोसेन.

तुझा धाकटा,
हार्लन

ता. क. फोर्डचा विचारसुद्धा करू नकोस.

ता. क. २. लेनोराताई, हार्लन कॉफी आणायला आत गेलेत, तेवढ्यात माझे चार शब्द. वरचं त्यांनी सांगितलं तस्संच लिहिलंय, पण तुम्ही फोर्डच उचला. मला ते फोर्डमधून चर्चच्या मासेजेवणाला नेतात. चर्चचा रस्ता सरळ आहे, पण हे शेतांमागून वळणावळणाने नेतात, आणि खांदा लागला की "माफ करा हं" म्हणतात. तीन हिवाळे नुसती माफीच चालू आहे. मी हो म्हणायला कधीची तयार आहे, पण कुणी विचारायला नको का? शेवरलेत खांदा पोचत नाही. तिथे त्यांना तोंड उघडावंच लागेल.
— आयडेला