दोन थोरल्या आणि पडद्याची एक दोरी

तीर्थस्वरूप आत्याबाई यांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार पलंगावर बसूनच घातला आहे, कारण फरशी गार आहे आणि माझे बूट कुलपात आहेत. बुटांचं पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? पडदा ओढायची तालीम तुम्ही रोज खिडकीच्या पडद्यावर करता आहात आणि परवा एक पडदा दांडीसकट खाली आला, असं निघण्याआधी तुमच्या सूनबाईकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, कळलं. तुम्हाला लागलं नाही हे ऐकून बरं वाटलं. पडद्याला लागलं असेल तर तो दुसरा आणता येईल. आता एक विनंती. रक्तदाब मोजून घ्या, खुर्चीवर बसा आणि मगच पुढे वाचा. उभ्याने वाचायचं हे पत्र नाही.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि दुसरं म्हणजे फोन सध्या एका कुलूपवाल्याच्या खिशात आहे.

मी घरातून निघालो ते तुमच्या हुकमावरून, हे तुम्हाला आठवत असेलच. (हुकूम विसरणं हे तुमच्या बाबतीत आजवर फक्त हुकूम झेलणाऱ्यांनी केलं आहे.) नौदलाच्या संग्रहालयातल्या साहेबांचा फोन आला, आणि ते साहेब अगदी साधेपणाने म्हणाले, की रविवारी लेफ्टनंटसाहेबांच्या, म्हणजे आपल्या आजोबांच्या, तसबिरीवरचा पडदा त्यांची थोरली मुलगीच दूर करणार ना, कारण त्या काल येऊन दोरीची उंची पाहून गेल्या. त्या दिवशी तर तुम्ही गुडघ्याला शेक घेत घरी बसला होतात. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही एवढंच म्हणालात, "कोणी भामटी आहे. जा, तिचं पितळ उघडं पाड. त्याशिवाय तोंड दाखवू नकोस." मी हसलो नाही, याची नोंद असावी. आजोबांचं जहाज बुडालं तेव्हा तुम्ही सहा वर्षांच्या होतात आणि माझे वडील पाळण्यात. त्यानंतर तुमच्याकडे आजोबांचं उरलं काय, तर भिंतीवरची तसबीर, घरातल्या त्या जहाजी सवयी, आणि 'थोरली' ही त्यांनी मारलेली हाक. त्या हाकेवर तुम्ही आख्खं घर चालवलंत. तीच हाक कोणी तिऱ्हाईत बाई येऊन उचलते म्हणजे काय! तुमच्याइतकाच रागावून मी गाडीत बसलो.

बाईचा पत्ता संग्रहालयातून मिळाला होता. बंदराकडे उतरत जाणारी अरुंद गल्ली, तिच्या टोकाला तीन मजली घर. तळमजल्यावर कुलपांचं दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि वरच्या मजल्यावर ती बाई. कुलूपवाला तिचा थोरला मुलगा आणि दातवाला धाकटा. दोघेही दारातून आत येताना खांदा तिरका करतात, एवढे रुंद. म्हणजे वर जायचं तर कुलूपवाल्याच्या नजरेखालून, आणि पळून यायचं तर दातवाल्याच्या दारावरून. ही रचना पाहताच मी परत फिरायला हवं होतं. पण तुमचा चेहरा आठवला. (तुम्हाला भ्यावं की त्यांना, याचा निवाडा मी जिन्यात उभा राहून केला, आणि तुम्ही जिंकलात.)

मी संग्रहालयाचा फ्रेमवाला म्हणून गेलो. खिशात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. तुमच्याकडची तसबीर संग्रहालयात जाणार आहे, तशीच काही या बाईकडे आहे का हे मापाच्या निमित्ताने बघावं, खोटी असेल तर तिथल्या तिथे पकडावी, असा बेत होता. कुलूपवाल्याने विचारलं, फ्रेम कुठल्या लाकडाची करणार. मी म्हणालो, चांगल्या. दातवाला वरपर्यंत माझ्यामागे आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं, आणि अजून तर भिंतीकडे मी पाहिलंही नव्हतं.

भिंतीवर आपले आजोबा होते, आत्याबाई. दुसरा कोणी तसा दिसणारा नव्हे. तीच टोपी, तोच जहाजाच्या कठड्यावर ठेवलेला हात, तोच जरा बाहेर आलेला डावा कान, जो माझ्याकडे आहे आणि ज्यावर मी आयुष्यभर केस ओढत आलो. मोजपट्टी माझ्या हातातून सुटली आणि सर्रकन गुंडाळून बोटाला लागली. बाई म्हणाल्या, "लागलं का? बसा. जेवायची वेळ आहे, उपाशी माणसाचं माप चुकतं." आवाज शांत होता. तुमचा असतो तसा, वादळाच्या आधीचा.

आता जेवणाचं सांगतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं. कपाटातून ताटं काढताना मी पाहिलं, तर प्रत्येक फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली, भांडी घरंगळू नयेत म्हणून. पाण्याचा पेला समोर आला तो अर्धाच भरलेला. कुलूपवालाही दुकान बंद करून जेवायला वर आला. मी मान खाली घालून जेवलो. नजर ताटावर, कान दातवाल्यावर, आणि डोक्यात एकच विचार, की हे घर सोडून बाहेर पडायचं कसं. तशा तंद्रीत माणूस हाताकडे कुठे बघतो? जेवण झालं, मी उठलो, पेला पालथा घातला, खुर्ची टेबलाशी सरकवली, टेबलाखाली हात घातला, तिथे लोंबत असलेली दोरी धरली आणि खुर्ची टेबलाच्या पायाला बांधून टाकली.

आपल्या घरी जन्मापासून हेच करतो ना आपण! जमीन कधी हलली नाही, तरी आजोबांनी लावलेली शिस्त म्हणून जेवून उठलेला प्रत्येक माणूस खुर्ची बांधतो. (माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, या घरातल्या खुर्च्या चोरीला जातात.) पण दुसऱ्याच्या घरी, पहिल्यांदाच आलेल्या फ्रेमवाल्याने हे करायचं नसतं. मी वर पाहिलं तेव्हा तिघांचीही नजर माझ्या हातावर होती. दातवाल्याने कडी घातली. बाईंनी वाकून माझी गाठ पाहिली आणि म्हणाल्या, "गाठ चुकली आहे. पण दोरी कुठे असते हे तुला कोणी सांगितलं?"

त-त-प-प झालं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तुमचं नाव बाहेर आलं. मग बूट गेले, फोन गेला, आणि दोघा भावांनी दोन बाजूंनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तसबीर पळवायला आलास का? आईला खोटं पाडायला कोणी पाठवलं? रविवारी तिचा सगळ्यांसमोर अपमान करायचा बेत आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसलो, कारण उत्तर हो असं होतं. कुलूपवाल्याने टेबलावर मूठ ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली. आपटली असती तर मी कमी घाबरलो असतो.

मग बाईंनी मुलांना गप्प केलं आणि मला एकच विचारलं. तुमच्याकडे ते किती दिवस राहायचे? मी म्हणालो, महिनाभर सुट्टी, मग महिनाभर दूरच्या बंदरात ड्युटी. त्यांनी बोटांवर महिने मोजले. म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच. महिनाभर सुट्टी, मग महिनाभर ड्युटी. हिशेब तुम्हीच करा, आत्याबाई. आपल्याकडची ड्युटी ती त्यांच्याकडची सुट्टी होती. माणूस प्रत्यक्ष नोकरी केव्हा करत होता हे नौदलालाच ठाऊक.

मला आजोबांचा राग आला. अजून आहे. तसबिरीसमोर उभं राहून मी त्यांना दोन शब्द सुनावलेसुद्धा, पण त्या टोपीखालून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. आणि त्या बाईंचं मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. ज्यात जहाज बुडालं त्या एका वादळावर त्यांनीही सारं आयुष्य काढलं. त्याच रात्री तीच बातमी त्यांच्याही दारात आली होती. म्हणजे एवढं तरी खरं, की ते आपल्याला टाकून गेले नाहीत. बुडाले ते दोन्ही घरांसाठी बुडाले.

एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही नेहमी म्हणता ना, चेहरा भिंतीवर आहे, पण बाबांचा आवाज आठवत नाही? या बाईंना आठवतो. काल त्यांनी मला हाक मारून दाखवली. दारात आल्यावर आधी घसा खाकरायचे, मग जिन्यातून वर बघत, शेवट लांबवून, "थोरलीऽऽ". त्यांनाही ते थोरलीच म्हणायचे. चुकून एका घरात दुसऱ्या घरचं नाव तोंडी येऊ नये म्हणून केलेली ती सोय असावी, असं माझा संशयी स्वभाव म्हणतो. बाई म्हणाल्या, असेना का, हाक मारताना तर माझ्याकडेच बघत होते.

तर तुमच्या हुकमाप्रमाणे पितळ उघडं पडलं आहे. कोणाचं, ते वर आलंच. प्रकृतीला जपा. सूनबाईला सांगा, मी सुखरूप आहे, दात सगळे जागेवर आहेत.

आपला आज्ञाधारक (यापुढेही राहू इच्छिणारा)
भाचा

ता. क. मुलांची अट अशी, की त्यांच्या आईला रविवारी कोणी उलट शब्द बोलणार नाही असं तुमच्याकडून कळल्याशिवाय बूट मिळणार नाहीत. उत्तर लवकर पाठवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी अनवाणी येईन, पण त्या येणारच आहेत. साडी इस्त्री करून ठेवली आहे.

ता. क. २. रागावू नका, पण हे लपवून ठेवणं बरं नव्हे. त्या तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. फार नाही. जन्माचा दाखला मी मागितला नाही, समोर दातवाला होता.

ता. क. ३. खरं काम हे आहे, आणि याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. संग्रहालयाच्या साहेबांना सांगून पडद्याची दोरी लांब करून घ्या. दोन माणसांचे हात मावतील एवढी. आणि आपल्या जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची जास्त ठेवा, दोरीसकट.

ता. क. ४. (हे अक्षर माझं नाही. पत्र पाकिटात घालण्याआधी ते माझ्या हातातून काढून घेण्यात आलं.)

थोरलीस, तुझा भाचा गाठ उलटी मारतो. कोणी शिकवलं नाही का त्याला? रविवारी येते. 'जरा लवकर निघून आधी घरी ये' असं म्हणालीस तर घरी येईन, दारात उभी राहून ती हाक तुला ऐकवीन, मग जाऊ. पण एक आत्ताच सांगून ठेवते. दोरी मी सोडणार नाही. तूही सोडू नकोस.

– थोरली