बॉम्बालाची दुसरी फिल्म

डबो, १४ मे २०२३

प्रिय आंद्रिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून लिहितेय. तुझा होबार्टचा पत्ता आपल्या आकाशनिरीक्षण क्लबाच्या जुन्या चिटणिसाकडून मिळवला.

गेल्या महिन्यात आम्ही सूर्यग्रहणात धूमकेतू शोधायला पार पश्चिम किनाऱ्यावरच्या एक्समथला जाऊन आलो. मर्विन पंच्याहत्तरीचा झालाय, गुडघे धरतात, तरी एवढा लांबचा रस्ता गाडीनंच जायचा हट्ट. सूर्याजवळचे धूमकेतू आता उपग्रहच शोधतात, तुम्ही कशाला तडफडता, असं आमच्या लेकीनं समजावून पाहिलं. तर मर्विन म्हणे, उपग्रहाला वाट बघण्यातली गंमत कुठं कळते! मिनिटभरच अंधार झाला. तेवढ्यात त्यानं काळ्या सूर्याभोवतीचं आकाश भराभर टिपलं. दुपारी तंबूत फोटो मोठे करून बघतो तर कोपऱ्यात पुसट ठिपका, मागे शेपटीसारखं काहीतरी. पण सगळे फोटो एकाच कॅमेऱ्याचे. धूमकेतू की भिंगातली झळाळी, ठरवणार कसं? मर्विन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आंद्रिस दुसरा कॅमेरा घेऊन पलीकडे उभा असता, तर आत्ता कळलं असतं.” आठवड्यानं एका जाणकारानं झळाळीच असल्याचं सांगितलं. त्याचं मला काही वाटलं नाही. तुझं नाव मात्र मर्विनच्या तोंडून सत्तेचाळीस वर्षांनी ऐकलं.

तुझ्या धुणीघरात फिल्म धुवायला तू मला शिकवलंस, तुझी आई राय धान्याचा काळा पाव दारातून आत सरकवायची. आणि शहात्तरच्या ऑक्टोबरातलं ते ग्रहण. तू बॉम्बालाच्या टेकडीवर, आम्ही तीस किलोमीटरवर मेंढ्यांच्या कुरणात. तुझ्या फिल्मवर असाच एक ठिपका आला. आमच्या फिल्मवरही असता, तर धूमकेतूला तुझं नाव लागलं असतं. मर्विननं शटर अडकल्याचं सांगितलं. तुझं नाव झालेलं त्याला बघवत नाही म्हणून त्यानं फिल्म दडवली, असं तू क्लबाच्या भर सभेत म्हणालास. तो टोपी उचलून निघून आला.

फिल्म दडवली नव्हती, आंद्रिस, आणि शटरही अडकलं नव्हतं. मर्विन दुर्बिणीवर वाकलेला होता. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढायचं काम माझं. अंधार पडला, मेंढ्या गप्प झाल्या, मी वर बघितलं आणि बघतच राहिले. उजाडलं तेव्हा झाकण जागच्या जागी होतं. मी रडायला लागले, तर तो म्हणाला, “तू वर बघितलंस ना? मग कसं दिसलं ते मला सांग.” घरी पोचेपर्यंत मी सांगत होते. तुझ्यापुढं त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही, आणि मीही घाबरून गप्प राहिले. तुझा धूमकेतू खरा होता की नाही, हे माझ्यामुळं आता कधीच कळणार नाही. राग माझ्यावर काढ, पण त्याला फोन कर. दोन हजार अठ्ठावीसच्या जुलैतलं ग्रहण आमच्या डबोवरूनच जाणार आहे, आणि तो एकटाच जागा शोधत हिंडतोय. या पत्राचं त्याला ठाऊक नाही. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर दिलाय. हल्ली त्याला कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोल.

अजूनही तुझीच मैत्रीण,
ग्लेनिस