दोन आटे सैल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६:४०

कालच्या प्रकाराचा मी तीव्र निषेध करतो. रोजनिशीत का होईना, पहिला निषेध माझा असावा.

थोडक्यात हकीकत. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याविरुद्ध पेनल्टी. ती पेनल्टी नव्हतीच. शून्य-एक हरलो. मग आमच्या उत्तर स्टँडमधून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मैदानात गेल्या. फेकणारे मूठभर. मी स्वतः मोजले, नऊ. स्टँडमध्ये आम्ही तीन हजार. म्हणजे दोन हजार नऊशे एक्क्याण्णव माणसं अत्यंत सभ्यपणे वागली, पण त्यांच्याबद्दल पेपरवाले एक ओळ छापतील तर शपथ.

मेहुण्याला लागलं. तो या मैदानाचा अनाउन्सर. केबिनमध्ये बसून बोलायचं सोडून माइक घेऊन खाली टचलाइनपर्यंत आला आणि म्हणाला, कृपया आपापल्या जागी बसा. बसणार कशावर? एक खुर्ची थेट तोंडावर आली. वरचे पुढचे दोन दात गेले, ओठाला चार टाके.

बायको तिच्या दादाकडेच राहिली आहे. फोनवर तिने एवढंच विचारलं की त्या खुर्च्या उपटून हातात आल्याच कशा. मी म्हटलं, गंज. मॅनेजमेंटचा मेंटेनन्स भिकार आहे. तिने फोन ठेवला.

संकल्प: समर्थक मंडळाचा सरचिटणीस या नात्याने आठवड्याच्या आत ते नऊ जण शोधून मॅनेजमेंटच्या ताब्यात देणार. कोणाचीही भीडभाड ठेवणार नाही.

मंगळवार, ४ मार्च. लंच टाइम, दातांच्या लॅबमध्ये, कामावर

कवळ्यांचं प्लॅस्टर सुकेपर्यंत पत्रक लिहिलं. 'मूठभर समाजकंटकांच्या भ्याड कृत्याशी मंडळाचा काडीचाही संबंध नाही.' वाक्य झकास उतरलंय. आमचे खजिनदार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले समाजकंटक फार होतं, अतिउत्साही घटक करा. भ्याडही काढा, उगाच कोणाला लागेल. काढलं. आता वाक्यात जोर असा राहिला नाही, पण संयम दिसतो.

बुधवार, ५ मार्च. संध्याकाळी

ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात कमिटीची मीटिंग. भिंतीवर सगळे ट्रॅफिकचे सिग्नल, खाली आम्ही सात जण, मध्ये लॅपटॉप. त्यावर सामन्याचे फोटो. नऊ चेहरे ओळखायचे, इतकं सोपं काम.

पहिला खजिनदारांचा भाचा निघाला. खजिनदार म्हणाले, तो खुर्ची फेकत नव्हता, पकडत होता. दुसरा आमच्या बॅनर रंगवणाऱ्याचा सख्खा भाऊ. फोटोचा अँगल चुकीचा ठरला. तिसऱ्याच्या घरी लग्न ठरलेलं. असं करत करत दोन उरले. त्यातला एक आइस्क्रीमवाला होता, आणि त्याच्या डोक्यावर होती ती त्याची स्वतःची पेटी.

उरला ढोल्या. मैदानात ढोल आणायला बंदी झाली त्याआधी हा ढोल वाजवायचा. फोटोत स्वच्छ दिसतोय, दोन्ही हातांत खुर्ची, आणि समोर माझा मेहुणा. त्याचं नाव घ्यायची वेळ आली तशी सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. ढोल्याला राग आला की काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटी मीच मार्ग काढला. यादीत लिहिलं, 'एक अनोळखी इसम.' मी त्याला अकरा वर्षं ओळखतो, पण खोलवर बघितलं तर माणूस माणसाला ओळखतो का?

यादी मॅनेजमेंटला पाठवली. शब्द पाळला.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी

एक तांत्रिक बाब इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

ढोलबंदी झाली तेव्हा स्टँड अगदी मुका झाला होता. खुर्चीचे दोन बोल्ट दोन-दोन आटे सैल केले की ती ढोलासारखी वाजते, हा शोध माझा. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मंडळाला बॅनर बांधायला आत सोडतात. त्या वेळात मी तेरा नंबरच्या पान्याने पुढच्या बारा रांगा सैल करून ठेवल्या. मी उजवा हात वर केला की सगळे उठतात आणि खुर्च्या आपटायला लागतात. हात खाली, की चिडीचूप. पाहुण्या टीमच्या गोलकीपरला घाम फुटायचा. मला सगळे उस्ताद म्हणायला लागले ते तेव्हापासून.

तर मुद्दा असा की सैल करणं वेगळं आणि उपटणं वेगळं. दोन आट्यांनी खुर्ची सुटत नाही. कोणीतरी पुढे हात चालवला असणार. त्याला मी काय करणार? विषय बंद.

संकल्प: पुढचा सामना रविवारी, सोळाला. शनिवारी, पंधराला, जाऊन बाराच्या बारा रांगा मी स्वतः घट्ट करणार. कोणाला कळायचंही कारण नाही.

सोमवार, १० मार्च. लॅबमध्ये, दुपारी

आज क्लिनिकमधून मेहुण्याच्या तोंडाचा साचा आला. डॉक्टरीणबाईंना नातं माहीत नाही, नेहमीसारखी चिठ्ठी लावून पाठवला. टेबलावर ठेवला. दोन दातांच्या जागी भगदाड. लॅबमध्ये रोज चाळीस साचे येतात, पण हा पालथा घालून ठेवावा लागला, कामात लक्ष लागेना.

बायको सांगत होती, दादाला स म्हणता येत नाही. शिट्टी वाजते. सात म्हणायला गेला की फुर्रर्र. मॅनेजमेंटने शुक्रवारी आवाजाची ट्रायल ठेवली आहे. जमलं तर ठीक, नाही तर दुसरा माणूस तयार आहे. एकोणीस वर्षं त्या माइकवर काढली त्याने. लग्नात मला पहिल्यांदा भेटला तेव्हा टीमचे अकरा खेळाडू एका दमात म्हणून दाखवले होते. ते काम गेलं तर तो काय करेल, असं बायकोने मला विचारलं. मला का विचारलं, कळलं नाही.

दोन दात मी घरच्या माणसाचे करावेत तसे केले. शेड जरा पिवळसर ठेवली, चहा फार पितो. रात्रपाळीच्या माणसाला हातही लावू दिला नाही. माझ्या मते आता फिटंफाट झाली.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी ३

ढोल्या लॅबवर आला. दारातच उभा राहिला, पण उजेड अडला. फळीवरच्या कवळ्या एकेक उचलून बघितल्या, एक स्वतःच्या तोंडासमोर धरून हसला. म्हणाला, उस्ताद, तुमची आयडिया नसती तर त्या दिवशी काही झालंच नसतं, सगळी पोरं मानतात तुम्हाला. मी म्हटलं, मी निषेध केलाय. म्हणाला, वाचला, भारी लिहिता, कोणाला संशय येणार नाही.

मग म्हणाला, या वेळी तोच पंच आहे. या वेळी नऊ नाहीत. किती आहेत म्हणून विचारलं, तर म्हणे मोजायचं सोडून दिलंय.

मी अत्यंत कडक शब्दांत सांगितलं की शनिवारी मी बोल्ट घट्ट करणार आहे. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. जड हात आहे. म्हणाला, तुमची कंबर दुखते, हजार वेळा कशाला वाकताय, पाना द्या इकडे, बोल्टांचं आम्ही बघतो.

दिला. मनाने वाईट नाही तो. जबाबदारी टाकली की पोरं सुधारतात. एक काम कमी झालं.

शुक्रवार, १४ मार्च. संध्याकाळी

दात बसले. दादाने घरी सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं: सात, सतरा, सदतीस, सत्याहत्तर. एकही शिट्टी नाही. ट्रायल पास. बायको बारा दिवसांनी हसली.

दादाने माझा हात हातात घेतला. म्हणाला, तुमच्यामुळे तोंड उघडता आलं, नाही तर मी संपलोच होतो. अगदी तोंडापर्यंत आलं होतं की सांगून टाकावं. पण त्याचा आनंद बघितला. आनंदाच्या वेळी असलं बोलणं बरं दिसत नाही. रविवारी सामना झाला की निवांत बसून सांगेन.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ११

बॅनर बांधायला गेलो होतो. सगळ्या खुर्च्या ओळीत, सरळ. समाधान वाटलं. एक सहज हलवून बघितली, ती आवाज न करता हातात आली. दुसरी, तिसरी. सगळ्या नुसत्या ठेवलेल्या. बोल्ट नाहीत.

बारा रांगा, रांगेत चाळीस, खुर्चीला दोन. नऊशे साठ.

वॉचमनला विचारलं. म्हणाला, काल दुपारी पोरं दोन पोती भरून घेऊन गेली, सरचिटणीसांनी सांगितलंय म्हणाली. म्हणजे माझं नाव आदराने घेतलं. बहुतेक ऑइलिंगला नेले असावेत. गंज फार होता.

ढोल्याचा फोन बंद.

मॅनेजमेंटला सांगावं का? सांगायला हरकत नाही. पण मग ते विचारणार की सैल आहेत हे तुम्हाला कसं कळलं, पाना कोणाचा. एवढ्या तपशिलात आत्ता शिरण्यात अर्थ नाही. आणि उगाच घबराट होईल. वॉचमनला सांगून ठेवलं, तुझ्या माझ्यात राहू दे.

प्लॅन: स्टँड माझ्या हातात आहे. अक्षरशः. तीन हजार लोक माझ्या हाताकडे बघतात. काही गडबड दिसली तर मी उभा राहून थांबवीन. मेगाफोनला नवीन सेल घातले.

रविवार, १६ मार्च. दुपारी ३:२०, स्टँडमध्ये

स्टँड भरला. एवढ्या उन्हात बऱ्याच जणांनी जॅकेट घातलीत. खिसे खाली ओढल्यासारखे लोंबताहेत. माझ्या शेजारी बसला तेव्हा एकाच्या खिशात किल्ल्या वाजाव्यात तसं काहीतरी वाजलं. मी त्याच्याकडे बघून हसलो, तो हसला नाही.

गाणी नाहीत. घोषणा नाहीत. इतका शिस्तीत बसलेला स्टँड मी कधी बघितला नव्हता. पत्रकाचा परिणाम दिसतोय.

दादाने खेळाडूंची नावं सुरू केली. आवाज स्वच्छ. सगळे स जागच्या जागी.

संध्याकाळी ७:३०

सत्तराव्या मिनिटाला पंचाने आपला गोल नाकारला. ऑफसाइड. नव्हता.

सगळा स्टँड एकदम उभा राहिला. खिशात हात. दादा परत केबिनमधून खाली आला. मला तो समोर दिसत होता, माइक धरून. मी कठड्यावर चढलो, मेगाफोनमध्ये ओरडलो, थांबा. मेगाफोन चालला की नाही कोण जाणे. मग मी थांबा म्हणून उजवा हात वर केला.

हात वर केला.

त्यांना तेवढंच माहीत आहे. मीच शिकवलंय.

बोल्ट दिसत नाहीत हवेत. पडल्याचा आवाज येतो. मी हात खाली घेतला, परत वर केला, कोणी बघतच नव्हतं.

दादाला डाव्या डोळ्यावर लागला. बायको त्याच्याबरोबर गेली आहे. घर रिकामं आहे.

मंगळवार, १८ मार्च. दुपारी. सुटा कागद

रोजनिशी पोलिसांकडे आहे. मीच नेऊन दिली. माझी काय तळमळ होती, किती वेळा संकल्प केले, हे पानोपानी दिसेल आणि संशय फिटेल, असा हिशेब होता.

इन्स्पेक्टरांनी पहिली दोन पानं हसत वाचली. मग हसायचे थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, या वेळी पेन्सिल घेऊन. हवालदाराला बोलावून शनिवारचं पान मोठ्याने वाचायला लावलं. तो नऊशे साठवर अडखळला. मला म्हणाले, गेले दोन दिवस तीनशे लोकांना विचारलं, एवढी सविस्तर हकीकत कोणी दिली नाही. प्रत्येक पानावर सही घेतली. मी खाली सरचिटणीस लिहायला लागलो, तर म्हणाले, त्याची गरज नाही. परत कधी मिळेल म्हणून विचारलं. म्हणाले, कोर्टात ऐकायला मिळेल. उद्या दहाला हजर राहा, गाव सोडू नका.

तिथून हॉस्पिटलमध्ये गेलो. कॉरिडॉरमध्ये बायको बसली होती. डॉक्टर येऊन गेले होते. डावा डोळा गेला. दादाला कळलंय, त्याने शांतपणे ऐकून घेतलं म्हणे. मी तिला सांगितलं की मी सगळं पोलिसांना दिलं. ती म्हणाली, पोलिसांना नाही, त्याला सांगा. मी म्हटलं, आधी नीट लिहून काढतो. ती म्हणाली, आता लिहू नका.

आत गेलो. अर्ध्या तोंडाला पट्टी. मला बघून दादा उठायला लागला. म्हणाला, तुम्हाला काही लागलं नाही ना? मग म्हणाला, सगळे उठले तेव्हा मी घाबरलो होतो, परत फिरणार होतो. तेवढ्यात तुमचा हात वर दिसला. म्हटलं, आपला माणूस थांबवतोय त्यांना. म्हणून मी दोन पावलं पुढे आलो.

एकेक अक्षर स्वच्छ येत होतं.

मी सांगितलं. आटे, पाना, पोती, वॉचमन. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. चार मिनिटांत संपलं. दादाने तोंड भिंतीकडे केलं. म्हणाला, तिला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा.

ती आत गेली. मी बाहेर बसलोय.