घोड्याच्या मागच्या पायावरची खाच

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा पूर्वी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा ओतण्याचा, सध्या इंटरनेटवरच्या लिलावांतली खोटी नाणी पकडण्याचा (बिनपगारी), हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि दोन कप चहा पिऊन लिहून ठेवत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना ते हसत होते, पण दाखला खरा आहे. मरायची मला मुळीच घाई नाही. माझ्यामागे वस्तूंवरून भांडणं नकोत, आणि एक जुनं भांडण मात्र माझ्या डोळ्यांदेखत मिटावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम एक. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या लेकीला. बाथरूमचा नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो. तिला ठाऊक आहे, जावयांना सांगून सांगून मी थकले.

कलम दोन. जावईबापूंनी सहा वर्षांपूर्वी ऑनलाइन लिलावात एक ‘अतिप्राचीन’ नाणं जिंकलं आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. मी चष्मा न लावताच त्याच्या कडेची शिवण पाहिली होती. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे ती रेघ उमटते. ठोकून पाडलेल्या नाण्याला ती कधी नसते. पण लेकीने जावयांच्या पाठीमागून हात जोडले, म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. जावईबापू, ते खोटं आहे. त्या फ्रेमसाठी माझ्या कपाटातलं एक अस्सल नाणं तुम्हाला देत आहे. मी सहा वर्षं तोंडाला कुलूप लावलं, ही मात्र त्याहून मोठी भेट समजावी.

कलम तीन. खोट्या नाण्यांचा पत्र्याचा डबा आणि तक्रारींच्या पाच वह्या शेजारच्या वकीलबाईंना. या कागदाची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. आधी मला वेड्यात काढून मग स्वतःच रोज लिलाव बघत बसणाऱ्या त्या एकट्याच. वकीलबाई, घाई करू नका. फोटो मोठा करा, कड पाहा, अक्षरांच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे आहेत का पाहा. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर ती एकाच साच्यातली भावंडं, खुशाल तक्रार ठोका. पण त्याआधी कलम चार वाचा. वह्यांत चारशे बारा तक्रारी आहेत. तीनशे अठ्ठ्याऐंशी नाणी लिलावातून निघाली. तेवीस वेळा ‘अभिप्रायाबद्दल आभार’ असं उत्तर आलं, त्यांचे आभार मला पोचले. उरलेली एक तक्रार माझी घोडचूक.

कलम चार. मागची खोली, म्हणजे माझी भट्टी, कामाचं टेबल, खिडकीजवळची खुर्ची आणि मोठं भिंग, हे सगळं माझ्या धाकट्या भावाला. का, ते लिहिणं भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी तीन विक्रेत्यांकडे एकच चांदीचं नाणं दिसलं. वर घोडा, आणि तिन्हींत घोड्याच्या मागच्या पायावर तीच खाच. मी तिघांची तक्रार केली. तिघांवरही ‘बनावट माल विकणारा’ असा शिक्का बसला आणि मी आनंदाने शिरा करून खाल्ला. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. तो घड्याळं दुरुस्त करतो. दुकानासाठी नवं यंत्र घ्यायचं म्हणून मन घट्ट करून त्याने बाबांचं नाणं विकायला काढलं होतं. टोपणनावाने. मला काय ठाऊक!

“ताई, माझीच तक्रार केलीस?”

“खोटं होतं म्हणून केली.”

“अगं, ते बाबांचं नाणं आहे!”

“मग बाबांनाही कुणीतरी फसवलं असेल.”

हे वाक्य मी बोलले. त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच. शिक्क्याची बातमी बाजारात पसरली. गिऱ्हाइकं त्याला विचारू लागली, “घड्याळात भाग तरी खरे घालता ना?” हे मला लेकीकडून कळलं, आणि तरी मी हट्टाने म्हणत राहिले की नियम म्हणजे नियम.

गेल्या वर्षी त्या तिघांपैकी दुसऱ्या एका विक्रेत्याचं नाणं डब्यासाठी विकत घेतलं. भिंगाखाली खाचेच्या कडा गोल, आत बुडबुडे. मग भावाच्या नाण्याचा लिलावातला जुना फोटो शोधून काढला. तिथली खाच कोरल्यासारखी लख्ख, एका बाजूला चांदी वर सरकलेली. ठशावरून ओतलेली वस्तू मूळ वस्तूइतकी धारदार कधीच निघत नाही, हे मी चौतीस वर्षं लॅबमधल्या प्रत्येक नवख्याला घोकायला लावलं. तीन भावंडं दिसली तेव्हा त्यांची आई कुठे आहे, हा प्रश्न माझ्या टाळक्यात शिरला नाही. आई त्या तिघांतच होती, भावाच्या घरची. कुणा नाणेवाल्याने ‘आठवडाभर बघायला द्या’ म्हणून नेऊन तिचा ठसा घेतला होता, हे लेकीने भावाला खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या नाणेवाल्याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. त्याचा नाव-पत्ता मी पोलिसांना देऊन ठेवलाय, तेवढं पुष्कळ झालं.

मी लिलाववाल्यांना कळवलं: तक्रार माझी, माझ्याच विरुद्ध. आठ महिने त्यांच्या मानगुटीवर बसले तेव्हा कुठे शिक्का पुसला गेला. भावाला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून इथे, स्टॅम्पपेपरवर लिहिते: बाळ्या, बाबांना कुणी फसवलं नव्हतं. नाणं खरं होतं, तू खरा होतास, मी चुकले. मला तुझी फार आठवण येते. खोली न्यायला मी गेल्यावर येऊ नकोस, त्याआधी ये.

कलम पाच. वरचा मजकूर लिहून झाल्यावर त्याची नक्कल मी लेकीच्या हाती भावाकडे पाठवली. आज सकाळी अकरा वाजता, वकीलबाई कागद तपासायला बसल्या होत्या तेव्हा, स्वारी दारात हजर. केस पांढरे झालेत, वजन वाढलंय. उभ्यानेच सगळं पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “कलम चारमधली खोली खोड.”

मला वाटलं, संपलं. “अजून राग आहे का रे?”

“साक्षीदार कोण आहेत तुझे?”

“एक डॉक्टर. दुसरा मिळायचाय.”

“वकीलबाई, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असंच ना?”

“हो,” वकीलबाई म्हणाल्या, “नाहीतर त्याचा हिस्सा बुडतो.”

“मग खोड. खोली भाचीला जाऊ दे. मला सही करायची आहे.”

मी रडले आणि हसले, दोन्ही एकदम, आणि त्यात कागदावर चहा सांडला. डाग आहे, त्याची शहानिशा कुणी करत बसू नये. त्यामुळे मागची खोली, आतल्या सामानासकट, लेकीला. कलम चारमधलं देणं रद्द, बाकी मजकूर कायम.

इथे माझा कागद संपला. वाचून, समजून, सर्वांसमोर सही केली.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली. दिनांक: अकरा ऑगस्ट, रविवार.

लिहून ठेवणार: (सही) ताई

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मलाच दोनदा गप्प बसवलं.

साक्षीदार दोन: (सही) धाकटा भाऊ, घड्याळवाला. सही ताईने माझ्यासमोर केली. भिंग लावून पाहिली. अस्सल आहे.