परातीतला विभव आणि माझा ओटा

प्रिय ठमे,

आठवतं का, कॉन्व्हेंटच्या प्रयोगशाळेत आपण दोघी एकाच स्टुलावर अर्ध्या-अर्ध्या बसायचो आणि सिस्टर फळ्यावर द्विध्रुव काढायच्या? एक धन भार, एक ऋण, दोन्ही तोडीस तोड, मध्ये वीतभर अंतर. तू वहीत त्यांना नाक-डोळे काढायचीस. त्या स्टुलाची ऊब अजून जात नाही. असो. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. ते तुझं ऐकेनासे झालेत असं कळलं. आमच्याकडे गुडघे ठीक आहेत, डोकी बिघडली आहेत.

कारण तोच द्विध्रुव. आमचे भाऊजी शिकवणीत सांगून आले की दोन भारांच्या बरोबर मध्ये विभव (आपल्या सिस्टरांचं पोटेन्शियल) शून्य, म्हणजे तिथे ओढही शून्य. यांनी (निवृत्त झाले तरी प्राध्यापक) हातातला घास खाली ठेवला. विभव शून्य असला तरी ओढ असतेच. एक ढकलतो, दुसरा खेचतो, दोघंही एकाच दिशेला, असं यांचं म्हणणं. (बरोबर यांचंच आहे, पण बोलू नकोस कुठे.) मग प्रयोग. माझ्या स्टीलच्या परातीत पाणी ओतलं, बॅटरीच्या तारा दोन टोकांना टेकवल्या, मीटर फिरवला. काटा हलेना, बॅटरी मात्र तापली. भाऊजी म्हणाले, बघा, शून्य. हे म्हणाले, मीटरही तुझ्यासारखाच. धातूच्या परातीत विभव सगळीकडे सारखाच राहणार, हे आपल्याला वेण्यांच्या वयात ठाऊक होतं. मी बोलले असते तर मला चूक ठरवायला दोघे एक झाले असते.

मीटरवरून गोष्ट शिकवणीच्या पोरांच्या चपलांवर गेली, चपलांवरून वडिलांनी कुणाचे जास्त लाड केले यावर. आता घराचे दोन भाग होणार. सोमवारी गवंडी येतोय. भिंत माझ्या ओट्यावरून जाते: शेगडी भाऊजींकडे, नळ आमच्याकडे. लांबचे नातेवाईक अजून म्हणतात, भाऊ असावेत तर असे. लांबून काय, द्विध्रुवासारखं एकाचं दुसऱ्यात जिरतं.

मी विचारलं, मी उभी कुठे राहू? मधल्या ओढीसाठी सख्ख्या भावाशी भांडलेल्या या गृहस्थांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "तुला काय, तू मध्ये आहेस. तुला कुणाचाच त्रास नाही."

तुझी आतेबहीण

ता. क. टेम्पोवाल्याबरोबर सामान पाठवलंय. निळी शाल तुला. स्वेटर जावयांना, बाह्या लांब झाल्यात, दुमडून घाला म्हणावं. मोठा कुकर सुनेला.

आणखी एक. कुलूप लावलेली ट्रंक कुणालाच द्यायची नाही. मागच्या खोलीत कॉटखाली सरकव आणि कॉटवर धुतलेली चादर घाल. ट्रंकेची मालकीण रविवारी पोचते. यांना अजून सांगितलेलं नाही.