पोकळ काने

प्रिय ताई,

पाकीट फाडलं असशील तर तुकडे टाकू नकोस. कात्रीने नीट उघडलं असेल तर उत्तमच, पण तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. का, ते ओघात येईल. एवढं लांब पत्र बघून घाबरू नकोस. आई ठीक आहे, बाबा ठीक आहेत, आणि मी तर जरा जास्तच ठीक आहे. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर माझी वाक्यं मधेच तुटतात आणि मग मी ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळा होतो. कागदावर तसं होत नाही. शिवाय अडलेला शब्द तू दिलेल्या शब्दकोशात बघता येतो. त्याला परवाच तिसऱ्यांदा पुठ्ठा चढवला. छापखान्यात काम करण्याचा तेवढा फायदा.

आधी बातमी. येत्या सोमवारपासून तंत्रशाळेच्या प्रमाणपत्रांवरची नावं मी लिहिणार आहे. हो, बाबा लिहायचे तीच. बाबांनी काम सोडलं तेव्हापासून ती नावं मशीनवरच छापली जात होती. यंदा तिथे नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी भिंतीवरचं एक जुनं प्रमाणपत्र बघितलं आणि मालकांना फोन करून विचारलं, हे कोणी लिहिलंय? मालक म्हणाले, ते आता लिहीत नाहीत, पण त्यांचा मुलगा माझ्याकडे कागद कापायला आहे. बाईंनी विचारलं, त्याचं अक्षर कसं आहे? त्यावर आमचे मालक काय म्हणाले असतील? “त्याचं शुद्धलेखन चांगलं आहे.” माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्या माणसाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार! मग मला बोलावून म्हणाले, “महिनाभर देतो. बापाचा हात मी बघितलाय, आता तुझा दाखव. नाही जमलं तर मशीन आहेच. ते चहापण मागत नाही.”

हात दाखवायचा तर पेन हवं. बाबांचं काळं पेन त्या पत्र्याच्या डबीत आहे, पण त्याची निब तू गेलीस तेव्हापासून फाकलेलीच. तसली निब आता नवी मिळत नाही. जुनी पेनं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे एक होती. किंमत ऐकून मी त्याला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरलो. मग ठरवलं, हल्ली स्वस्तातली फ्लेक्स, म्हणजे दाबलं की उघडणाऱ्या निबेची पेनं मिळतात, तीच एकेक करून बघायची. नाव मोठं, लक्षण खोटं निघालं तर निघालं.

बाबांचं लिहिणं तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंस. काना खाली ओढताना दाब दिला की निबेचे दोन पाय उघडतात आणि रेघ जाड होते. शिरोरेघेला हात हलका केला की पाय मिटतात आणि रेघ केसासारखी बारीक येते. सांगायला एवढंच, पण माझ्या पहिल्या पेनाला हे काहीच माहीत नव्हतं. डब्यावर ‘फ्लेक्स’ लिहिलेलं, निब मात्र खिळ्यासारखी. अंगठा दुखेपर्यंत दाबलं, तरी काना आणि शिरोरेघ जुळ्या बहिणी. दुसरं हिरवं होतं. त्याच्या प्लास्टिकला असा वास की आईने झाडू घेऊन कपाटामागे बघितलं, म्हणाली, “काहीतरी मेलंय इथे.” वास सोडला तर लिहायला वाईट नव्हतं, पण मधेच ढसकन शाई ओकायचं. तिसरं कोरडं पडायचं. मी त्याला शिव्या घालत होतो, तेव्हा स्टेशनरीवाल्याने सांगितलं की नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, ते आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं असतं. धुतलं, आणि शहाण्यासारखं लिहायला लागलं. मग पहिली दोन्हीही धुतली आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. पहिलं धुऊनही खिळाच राहिलं.

चौथ्यात मी स्वतः कारागिरी केली. साध्या शाळकरी पेनात टाकाची निब बसवली. निब लोण्यासारखी मऊ, पण शाई पोचवणारी तिच्याखालची जीभ मागे पडायची. काना ओढला की कडेला दोन बारीक रेघा आणि मधे कोरा कागद, आगगाडीच्या रुळांसारखं. ती जीभ गरम पाण्यात धरून मऊ केली आणि निबेला घट्ट चिकटेल अशी दाबून थंड होऊ दिली. आठ वेळा केलं. हो, मोजलं. नवव्यांदा काना काळाभोर भरून आला आणि मी एकटाच खुर्चीतून उठून उभा राहिलो. हे पत्र त्याच पेनाने लिहितोय. अक्षर बघ आणि खरं सांग. मला वाटतं चांगलं आहे. असं मी स्वतःबद्दल लिहितोय हे बघून तू हसशील, पण मी दोनदा वाचलं आणि खोडलं नाही.

या भानगडीत दोन निबा मेल्या, आणि मला तुला खरं तर त्या दोघींबद्दल सांगायचं आहे. हिरवं पेन टेबलावरून घरंगळलं आणि नाकावर पडलं. निबेचं टोक चिमणीच्या चोचीसारखं एका बाजूला वाकलं. खिळ्याचा मात्र मीच चिडून घात केला. आज तू उघडतोस की नाही बघतो म्हणून दाबत गेलो, तर तो एकदम उघडला आणि पुन्हा मिटेना. दोन्ही पाय सारखे फाकलेले, टोकं मात्र शाबूत, सरळ. दोन्ही निबा धुऊन कागदावर शेजारी ठेवल्या. पडलेली एक, दाबलेली एक. मग का कोण जाणे, बाबांची डबी उघडली आणि त्यांची निब तिसरी ठेवली.

ताई, ती निब पडलेली नाही.

तो दिवस तुला सांगायला नको, पण मला माझ्या बाजूने एकदा लिहू दे. दुपार होती, बाबा आतल्या खोलीत झोपले होते. तू खिडकीपाशी त्यांची प्रमाणपत्रं समोर घेऊन बसली होतीस आणि हातात त्यांचं पेन होतं. बाबा उठून आले, त्यांनी पेन घेतलं, निब बघितली आणि विचारलं, हे काय? तू म्हणालीस, माझ्या हातून पडलं. ते माझ्याकडे वळले. मी चौदा वर्षांचा, तुझ्या मागेमागे फिरणारा शेपट्या, दारात उभा. मी म्हणालो, हो, मी आवाज ऐकला. मी कसलाही आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे झालंच असणार, आणि मी साक्ष दिली की प्रकरण लवकर मिटेल. ते मिटलं नाही. न विचारता पेनाला हात लावलास म्हणून बाबा तुझ्याशी बोलेनासे झाले. पुढच्याच महिन्यात तू नर्सिंगला गेलीस तेव्हा ते दारापर्यंतही आले नाहीत. तेव्हापासून तुझा फोन आला की ते उठून गॅलरीत जातात. सहा वर्षं. त्यात माझ्या त्या आवाजाचा वाटा आहे, हे मी कधीच विसरलो नाही.

निबा बघितल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातलं जुनं कपाट उपसलं. त्या वर्षीचं एक रद्द झालेलं प्रमाणपत्र सापडलं. कुण्या मुलाच्या वडिलांचं नाव चुकलं म्हणून बाजूला ठेवलेलं. छपाई तपासायच्या भिंगाखाली धरलं. प्रत्येक कान्याच्या कडेला बाबांच्या दोन रेघा, रुळांसारख्या. आणि मधला पोकळ भाग बारीक तिरक्या रेघांनी भरलेला. तू माझ्या वहीतली चित्रं भरायचीस तसा. एक काना नाही, सगळे. तेव्हा मला कळलं की त्या दुपारी तू काय करत होतीस. त्यांची बोटं आखडायला लागली होती, त्यांना न कळता दाब वाढत चालला होता, निब त्यांच्याच हातात फाकली होती. तुला ते दिसलं होतं. ते झोपले की तू त्यांचे पोकळ काने भरत होतीस आणि पकडली गेलीस तेव्हा खरं सांगण्यापेक्षा पेन पाडलंस. न पडलेलं पेन.

मी चार दिवस गप्प राहिलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी दाराची कडीसुद्धा तीनदा बघतो. तुझं गुपित मी फोडावं का? आणि बाबांना ते सोसेल का? रविवारी सकाळी मी सगळी पेनं त्यांच्यापुढे मांडली. म्हणाले, “मला कशाला दाखवतोस, मी आता निवृत्त माणूस.” असं म्हणता म्हणता चौथं उचललंच. निब अंगठ्याच्या नखावर टेकवून उघडते कशी ते बघितलं, आणि कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहायला घेतलं. पहिलाच काना पोकळ आला. म्हणाले, “शाई कमी पडते तुझ्या पेनाला.” मी म्हणालो, “नाही बाबा, दाब जास्त पडतोय.” आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची चूक दाखवली, तीही लिहिण्यातली. माझेच कान गरम झाले. पण आता तोंड उघडलंच होतं. तिन्ही निबा समोर ठेवल्या, प्रमाणपत्र ठेवलं, आणि मी खोटी साक्ष दिली होती हेही एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी निबांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “पडलेली निब कशी दिसते ते तू आज शिकलास. मी काय कालचा आहे?” त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, ताई. निब हातात घेतल्या क्षणीच. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, “मग सहा वर्षं काय मिठाची गुळणी धरली होती? पोरगी बिचारी माझ्याशी बोलता बोलता विचारते, ते गॅलरीत गेले का?” बाबा बराच वेळ टोपण लावत बसले. ते आट्यांवर बसेना. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिच्यावर रागावलो होतो तोवर हात माझाच होता. खरं मानलं असतं तर त्या दिवशीच हात गेला असता. आणि तिला ते माझ्याआधी कळलं, हे मला सोसलं नाही.” मग आईला म्हणाले, “तू पोळ्या बघ, करपतील.” आई गेली नाही. पोळी करपली.

सोमवारी छापखान्यात मालकांसमोर मी नमुन्याची पाच नावं लिहिली. त्यांनी कागद उजेडात धरला, पाठीमागून बघितला, म्हणाले, “बापासारखं नाही.” मी म्हणालो, “नाही, माझ्यासारखं आहे.” हे मी खरंच म्हणालो, आणि त्यांनी खरंच मान डोलावली. मग एक चहा मागवला, माझ्यासाठी.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, तिला पत्र लिहितोयस ना? मी तोवर लिहायला घेतलंच नव्हतं. हो म्हणालो. “मग पाकीट दे इकडे.” म्हणजे ताई, पाकीट आधी तयार झालं आणि पत्र मागून आलं. त्यात घालायला काहीतरी हवं म्हणून मी हे सगळं लिहिलं. तुला वाटलं असेल, पत्ता कुणा म्हाताऱ्या टपालवाल्याने लिहिलाय. तो बाबांनी लिहिलाय, चौथ्या पेनाने. दोन पाकिटं वाया गेली, हे तिसरं. तुझं नाव बरं आलं. त्यानंतर तुझ्या पूर्ण नावात त्यांचं स्वतःचं नाव येतं, तिथे ते थांबले, बोटं झटकली आणि मग लिहिलं. त्या नावाचे काने पोकळ आले आहेत, सगळे. मी बारीक पेन घेऊन भरायला बसलो, तर त्यांनी पाकिटावर हात ठेवला. म्हणाले, “राहू दे. या वेळी कुणी भरायचं नाही. तिला दिसू दे.” तेव्हा तूही भरू नकोस. आणि तुला सुटी कधी आहे ते उलटटपाली कळव. उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर माझं नाव नको. त्यांचं घाल.

तुझाच,
शेपट्या